मदत हवी आहे: संस्थेचा डेटा बाहेर देण्याआधी जोखीम कशी तपासायची?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. आमच्या प्रशिक्षण संस्थेची सुमारे 12,000 ओळींची एक्सेल फाइल एका संशोधन गटाला द्यायची आहे. रकाने: नाव, मोबाइल, जन्मतारीख, लिंग, पिनकोड, अभ्यासक्रम, सोडल्याची तारीख, शिक्षकांचा शेरा. कोणत्या वयाची मुलं अभ्यासक्रम मध्येच सोडतात, हे त्यांना पाहायचंय. नाव काढून मोबाइलचा हॅश (ठरलेल्या सूत्राने नंबराची केलेली सांकेतिक अक्षरमाळ) करून पाठवलं तर पुरेल का?

तक्तेवाला
नाही पुरणार. दहा आकडी नंबर फार तर 1,000 कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून ठेवणं आजच्या ग्राफिक्स कार्डाला अजिबात जड नाही, मग तुमचा हॅश त्या यादीत शोधला की नंबर हाती. न्यूयॉर्कच्या टॅक्सींचा डेटा 2014 मध्ये असाच उघडा पडला. परवाना क्रमांकांचे एमडी5 या जुन्या पद्धतीचे हॅश दिले होते. नंबर लागत नसेल तर रकानाच उडवा, प्रत्येकाला यादृच्छिक क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी वेगळ्या जागी, एकदोघांच्याच ताब्यात.

खरा धोका उरलेल्या रकान्यांच्या जोडीत आहे. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतले 87 टक्के लोक एकेकटे ओळखू येतील, असा अंदाज डेटा-गोपनीयतेच्या संशोधक लताना स्वीनी यांनी 2000 साली मांडला होता. तुमच्या फाइलवर आजच बघा: या तिन्हींत अभ्यासक्रमही धरा आणि शेजारच्या रकान्यात काउंटइफ्स (चारही रकाने सारखे असलेल्या ओळी मोजणारं एक्सेलचं सूत्र) लावा. उत्तर 1 आलं, म्हणजे तो विद्यार्थी ओळखू येतो. मग जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट, पिनकोडचे पहिले तीनच आकडे, आणि पुन्हा मोजा. 5 च्या खाली राहिलेल्या ओळी आणखी मोठ्या गटात घाला, नाहीतर वगळा.

नीरक्षीर
वरच्यात एक भर. गटात पाच जण असले आणि पाचही जणांनी अभ्यासक्रम सोडलेला असला, तर कोण कुठला हे न कळताही सगळ्यांचं गुपित फुटतं. त्यामुळे गटाच्या आकाराबरोबर गटात उत्तरं वेगवेगळी आहेत का, तेही बघा.

शेरा मात्र देऊच नका. "वडील वारल्याने येणं बंद" अशी एक ओळ ओळख पटवायला पुरते. कारणं हवीच असतील तर आर्थिक, आरोग्य, स्थलांतर असे चारपाच कोड करून द्या.

आणि एक्सेल फाइल जशीच्या तशी पाठवू नका. लपवलेल्या शीट तशाच जातात, पिव्होटच्या (एक्सेलच्या सारांश तक्त्याच्या) मागे मूळ डेटा बसलेला असतो. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांची सुमारे साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांची माहिती ऑगस्ट 2023 मध्ये अशाच लपलेल्या शीटमधून बाहेर गेली. सीएसव्ही यूटीएफ-8 मध्ये (नुसत्या मजकुराची फाइल, देवनागरी टिकवणारी) सेव्ह करा (साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात) आणि नोटपॅडमध्ये उघडून स्वतः वाचा.

धागाकर्ता
मनापासून आभार. मग ओळी न देता नुसता वयोगटवार तक्ता दिला तर?

तक्तेवाला
त्यांचा प्रश्न तेवढाच असेल तर तेच उत्तम. 5 पेक्षा लहान आकडा झाका, पण त्याच ओळीतला आणखी एक झाका, नाहीतर बेरजेतून वजा करून पहिला निघतो. दर महिन्याला ताजा तक्ता देऊ नका. दोन तक्त्यांच्या फरकातून एकटा माणूस सापडतो.

करारात हे हवंच: वापर कशासाठी, कोण बघणार, पुढे कोणाला देणार नाही, ओळख शोधणार नाही, कोणत्या तारखेला पुसणार आणि पुसल्याचं लेखी, गळती झाल्यास किती तासांत कळवणार. लिंक मुदतीची ठेवा, पासवर्ड वेगळ्या मार्गाने द्या.