एव्हरेस्ट बेस कॅम्प: 'सगळं धरून' म्हणजे नेमकं काय काय धरून?

गोदाकाठ:
मी आणि धाकटी बहीण ऑक्टोबरात ईबीसीला जायचं म्हणतोय. एका कंपनीने काठमांडू ते काठमांडू 'सगळं धरून' माणशी ७८,००० सांगितलेत, दुसरीने ५४,०००. वाट तीच, मुक्कामही तेच. मग मधले चोवीस हजार कशाचे? हरिश्चंद्रगडाची नळीची वाट झालीय, पण ही पैशांची वाट काही कळेना.

सह्यकडा:
५४ वाल्याने जेवण वगळलं असणार. काय धरलंय ते सोडा, काय धरलेलं नाही ते लिहून मागा. टीसीएस, म्हणजे परदेशी टूरच्या पैशांवर कंपनी आधीच घेते तो कर, वरून लावणार का, तेही.

निवृत्त_रोखपाल:
ताई, दोन वर्षांपूर्वी मी जाऊन आलो. जन्म कॅश काउंटरवर गेला, त्यामुळे तिथेही रोज रात्री वही लिहायचो. ग्रुपमधली पोरं हसायची. तीच वही समोर घेऊन बसलोय.

आधी लुक्ला, जिथे विमानातून उतरून चालायला सुरुवात होते. सीझनमध्ये बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठायचं आणि चार-पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. ती गाडी कोणाच्या खर्चाने, ते विचारा. येताना ढग बसले आणि आम्ही लुक्लात दोन दिवस अडकलो. धावपट्टी अवघी ५२७ मीटर, पुढे दरी. दिसत नसेल तर पायलट येईल कशाला? त्या दोन रात्रींची खोली, जेवण आणि चुकलेलं मुंबईचं विमान, सगळं आमच्या खिशातून. काठमांडूहून परतीचं तिकीट दोन-तीन दिवस हातचे ठेवूनच काढा.

दुसरं म्हणजे जसजसं वर जाल तसतसा भाव चढतो. चूक कोणाची नाही. नामचेच्या वर तांदूळ काय नि गॅस काय, बहुतेक माल माणसाच्या नाहीतर याकच्या पाठीवरून येतो. गोरक्षेपला, ५,१६४ मीटरवर, मोबाइल चार्जिंगचे ५०० नेपाळी मोजले. आपल्या शंभराचे १६० नेपाळी, म्हणजे ३१२ रुपये ५० पैसे. काउंटरवर एकाच पट्टीला दहा-बारा फोन लोंबत होते, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव. सकाळी माझा चाळीस टक्के. पॉवरबँक न्या आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये उबेला ठेवा. पिण्याचं गरम पाणी विकत, अंघोळ विकत, वायफाय विकत. जेवणात दालभात घ्या, तो पुन्हा वाढतात. पिझ्झा मागवणाऱ्यांचं बिल बघून मला घाम फुटायचा, त्या थंडीत.

पोर्टर दोघांत एक असतो. कोटेशन स्वस्त करायचं तर कात्री बहुतेक त्याच्यावरच चालते. त्याचा विमा, मजुरी, राहणं-जेवण कोण बघतं, हे स्पष्ट विचारा. टिप वेगळी.

विम्याचं तर विचारूच नका. आमच्यातल्या एकाला लोबुचेहून हेलिकॉप्टरने खाली न्यावं लागलं. त्याच्या पॉलिसीत ४,००० मीटरच्या वरचं काहीच नव्हतं. पोराच्या बापाने इकडून कार्डावर पैसे भरले तेव्हा कुठे हेलिकॉप्टर आलं.

आमचं कोटेशन ६५,००० होतं. वहीची बेरीज, मुंबईचं विमान सोडून, ९१,३४०.

गोदाकाठ:
काका, दोघांनाही फोन केला. ५४ मध्ये लुक्लाच्या वर जेवण नाही, पोर्टरही नाही. ७८ मध्ये दोन्ही आहे. विमा आणि अडकलो तर राहणं, हे दोन्हीकडे आपलं आपण. ५४ वाल्याला पोर्टरचं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बॅग हलकी ठेवा ना." ७८ च घेतोय. डाउन जॅकेट विकत घेऊ का?

निवृत्त_रोखपाल:
नको. काठमांडूत थामेलमध्ये भाड्याने मिळतं. फक्त दुकानातच चेन चार वेळा वर-खाली करून बघा. माझी दिंगबोचेला अडकली, ती लुक्लापर्यंत सेफ्टी पिनांवर होती.