मदत हवी आहे : डीएनडी असूनही प्लॉट-लोनचे कॉल, आणि अनोळखी नंबर टाळणं परवडत नाही

नमस्कार मंडळी. सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मार्चमध्ये 1909 वर 'स्टार्ट 0' मेसेज टाकून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल बंद करायची सोय, चालू केली. 140 ने सुरू होणारे नोंदणीकृत जाहिरातवाल्यांचे कॉल थांबले, पण साध्या दहा आकडी मोबाइलवरून दिवसाला सात-आठ येतातच. "सर, सिंहस्थाआधी भाव वाढतील, त्र्यंबक रोडला साइट बघून जा," नाहीतर लोन. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून.

सगळे म्हणतात, अनोळखी नंबर उचलू नको. कसं जमणार? दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांची मोटार जळली की ते हाताला लागेल त्या फोनवरून लावतात. मागच्या आठवड्यात प्लॉटवालाच असेल म्हणून मी कॉल कापला. संध्याकाळी जुनं गिऱ्हाईक दारात उभं. "दादा, सकाळपासून लावतोय. बागेला पाणी नाही." फार लागलं मनाला.

कालचंच घ्या. एका हातात ताणलेली तार, तोंडाने वळसे मोजतोय, सेहेचाळिसाव्याला फोन. उचलला तर लोन! मोजणी चुकली. वळसे कमी पडले तर मोटार तापते, म्हणून अख्खी कॉइल उलगडून परत भरली.

नंबर रोज नवा असेल तर तक्रारीचा उपयोग होतो का? नेमकी कशी करायची?

प्रतिसाद :
दादा, होतो. कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत 1909 वर किंवा ट्रायच्या (दूरसंचार नियामक) डीएनडी ॲपवर तक्रार टाका. नंबर, तारीख आणि काय विकत होता, एवढं पुरतं. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदलले, त्यापूर्वी तीनच दिवस मिळायचे. आता एका नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई होते : पहिल्यांदा आउटगोइंग 15 दिवस बंद, पुन्हा सापडला तर कनेक्शन वर्षभर तोडतात. अशा नंबरची तक्रार करायला डीएनडी असावंच लागतं असंही नाही. म्हणून शेजारच्या दुकानदारांनाही करायला लावा, त्यांनाही तोच माणूस फोन करत असणार. लोनवाल्याने ओटीपी मागितला तर ती फसवणूक समजा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत कळवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

धागाकर्ता :
मनापासून आभार. गल्लीत विचारलं, वेल्डिंगवाल्याला आणि चहावाल्यालाही त्याच नंबरवरून प्लॉटचा कॉल आलाय. तिघांनी आत्ताच तक्रार टाकली. अजून दोन हव्यात. सातपूर-अंबडमध्ये आणखी कुणाला आलाय का?