गावात वर्गणी काढून नेट आणायचंय, कोणी केलंय का?

कळव्याचा_मुरबाडकर
नमस्कार मंडळी. राहायला कळव्यात, गाव मुरबाड तालुक्यात माळशेजच्या अंगाला, साठेक उंबरे. रेंज म्हणजे देवळामागची टेकडी, रेशनवाला पण अंगठे घ्यायला मशीन घेऊन तिथंच बसतो आणि म्हाताऱ्या बायका तांदळासाठी टेकडी चढतात. पंचायतीत सरकारी फायबरचा बॉक्स आलाय पण लाईट गेली की तो मेला, आणि खोलीची चावी कोणाकडे ते विचारू नका. गणपतीत बैठक झाली, घरटी 1,000 काढायला लोक तयार आहेत. आमच्यापासून 7 किमीवर बाजाराच्या गावात फायबर आहे, तिथं कनेक्शन घ्यायचं, गच्चीवर डिश लावून आमच्या टेकडीवर पकडायचं आणि घरोघर वाटायचं असं डोक्यात आहे. कायद्यात बसतं का? पैसे पाण्यात तर नाही जाणार?

ऐरोली_केबल
दादा, 7 किमी म्हणजे काहीच नाही, समोरासमोर दिसलं की झालं. ही डिश ज्या लहरींवर चालते त्या 5 गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा 2018 पासून लायसन्समुक्त आहे त्यामुळे डिशला अडचण नाही. अडचण वाटण्यात आहे. घरगुती कनेक्शन घेऊन साठ घरांना पैसे घेऊन विकलंत तर तुम्ही विनालायसन्स कंपनी झालात. म्हणून एकतर बाजारातल्या केबलवाल्याला धरा, लायसन्स त्याच्या मागच्या कंपनीचं, जागा वीज आणि गिऱ्हाईक तुमचं. नाहीतर पीएम-वाणी बघा, डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली योजना, त्यात किराणा दुकानदारसुद्धा वायफाय विकू शकतो, त्याला लायसन्स लागत नाही न फी लागत नाही, फक्त अ‍ॅग्रिगेटरशी, म्हणजे अशी दुकानं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावं लागतं.

आणि एक, सर्व्हे उन्हाळ्यात करू नका!! आम्ही शहापूरकडे मे महिन्यात लिंक लावली, सिग्नल एकदम कडक, पार्टी पण झाली. जुलैत बंद. मी आपला पावसाला शिव्या देतोय, तर पाऊस नव्हताच, मध्ये सागाचं रान होतं, मेमध्ये सगळे खराटे आणि जुलैत ही सुपाएवढी ओली पानं. 5 गिगाहर्ट्झला ओला पाला म्हणजे भिंतच. शेवटी दोन्ही टोकांना डिशचा पाईप वाढवून घेतला, खर्च आमच्याच खिशातून.

पालघरची_बाई
पाल्यावरून आठवलं. आयआयटी मुंबईने 2012 मध्ये आमच्या पालघरमधल्या खामलोलीत प्रयोग केला होता (तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातच, पालघर 2014 ला वेगळा झाला). टीव्हीच्या मोकळ्या राहिलेल्या लहरींवर नेट, त्या कमी फ्रिक्वेन्सीच्या म्हणून झाडीतून बऱ्या जातात. पुढे तोच ग्राममार्ग प्रकल्प झाला आणि 2017 ला त्याला मोझिलाचं बक्षीसही मिळालं. पण त्या लहरी तुम्हाआम्हाला मोकळ्या नाहीत हो, प्रयोगाची परवानगी लागते. तुम्हाला डिशच बरी.

खोदकाम_प्रेमी
डिश कशाला, फायबरच ओढा की. इंग्लंडात लँकशायरला 2011 मध्ये गावकऱ्यांनी संस्था काढली, बीफोरआरएन, शेतकऱ्यांनी आपापल्या रानातून स्वतः चर खणले आणि घरात 1 गिगाबिट वेगाचं नेट आणलं. आपल्याकडे श्रमदान काय नवीन आहे का?

पालघरची_बाई
भाऊ, आपल्याकडे बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात आहेत, रानातून चर कोण खणू देणार 😄 आणि मुरबाडकडे मध्ये वनखात्याची जमीन येणारच. पण त्यालाही वाट आहे, वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). त्यात शाळा, पाण्याच्या लाईनीबरोबर टेलिफोनच्या तारापण आहेत, एक हेक्टरच्या आतलं काम, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं पडता नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. काम मात्र सरकारी पाहिजे, खाजगी वर्गणीचं चालत नाही, म्हणजे पंचायतीतूनच जावं लागेल.

दिवा_जंक्शन
मी जरा वाकडं बोलतो. साठ हजार जमतील, डिश पण लागेल, दोन वर्षांनी बॅटरी बसली की ती कोण आणणार? गणपतीतल्या बैठकीत सगळे हो म्हणतात आणि दसऱ्यापर्यंत विसरतात. वर्गणी एकदाची नको, महिन्याची काढा. घरी 150 धरले तर साठ घरांचे 9,000, त्यात केबलवाल्याचं भागवून गावातल्या एकाला वेळेवर काहीतरी हातात द्या, तो पाईपवर चढेल, माकडांनी वायर तोडली की जोडेल. फुकट काम करणारा पोरगा नोकरीला ठाण्याला आला की नेट गेलंच समजा. मुलींना पण शिकवा हे काम.

ऐरोली_केबल
+1. आणि पंचायतीचा बॉक्स सोडू नका. भारतनेटची, म्हणजे त्या बॉक्सला येणाऱ्या सरकारी फायबरची लाईन पूर्वी एका रेषेत होती, मध्ये कुठंही जेसीबीने केबल तोडली की पुढची सगळी गावं आंधळी. 2023 ला मंजूर झालेल्या सुधारित योजनेत रिंग करायचं ठरलंय, म्हणजे एकीकडून तुटली तरी दुसरीकडून येईल. ते होईपर्यंत बॉक्सला इन्व्हर्टर तर लावून घ्या.

कळव्याचा_मुरबाडकर
धन्यवाद सगळ्यांना, सागाचं तर डोक्यातच नव्हतं, आमच्याकडे मध्ये सागच साग आहे. शनिवारी कल्याणहून सकाळची लालपरी पकडतो. पानं आहेत तोवर टेकडीवरून बाजाराचं गाव दिसतं का बघतो आणि फोटो टाकतो. चावीचा पत्ता लागला, सरपंचांच्या मेहुण्याकडे आहे.