आजीचा कोणता फोटो भिंतीवर लावावा?

धागाकर्ती:
आमची आजी गेल्या माघात गेली. दहाव्याच्या आधी फोटोची शोधाशोध झाली आणि अखेर एका लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून, मागे निळा रंग भरून, स्टुडिओवाल्याने तो मोठा करून दिला. त्या फोटोला आता हार आहे, पण तो चेहरा मला माझ्या आजीचा वाटत नाही. तिच्या शेवटच्या दोन वर्षांतले सुमारे ३०० फोटो माझ्याजवळ आहेत: ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडताना, उन्हात केस वाळवताना आणि शेवटच्या महिन्यात अंथरुणावर, माझ्या मुलीचे बोट मुठीत धरलेली. हा शेवटचा फोटो बैठकीच्या खोलीत लावावा असे मला वाटते. काकांचा त्याला सक्त विरोध आहे. हाराचा फोटो माणूस गेल्याचे सांगतो, तो कसा जगला हे सांगत नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला पणजी कळणार ती या फोटोंतूनच. आपले मत काय?

प्रतिसाद १:
मला काकांचे म्हणणे पटते. त्या पिढीतल्या बायका कॅमेरा दिसला की आधी पदर सारखा करत. ज्या माणसाचा हात पदरापर्यंत पोहोचत नाही, त्याचा फोटो भिंतीवर लावण्याची परवानगी आपल्याला कोणी दिली? माझ्या आजोबांचा नाकात नळी घातलेला फोटो एका नातेवाइकाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला होता. आजही त्यांचा चेहरा आठवू लागलो की आधी ती नळी दिसते, आणि त्यांनी मला पोहायला शिकवले ते सगळे उन्हाळे तिच्या मागे राहतात.

प्रतिसाद २:
मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा वसु, रुद्र आणि आदित्य या रूपांत नामोच्चार होतो. त्यापलीकडचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? फोटो त्यापुढेही टिकू शकतो, मात्र त्यावर नाव हवे. आमच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात सात माणसे आहेत आणि मागे फक्त ‘गणपती, १९६४’ असे लिहिले आहे. त्यांतल्या चौघांना ओळखणारे आता कोणी उरले नाही, आणि ते आपल्याच घरातले आहेत हे ठाऊक असूनही मी त्यांना हाक मारू शकत नाही. म्हणून फोटोच्या मागे नावे जरूर लिहावीत, तीही मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो शक्य तितक्या लवकर जपून सोडवावेत, कारण तो गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि फोटो पानाला धरून बसतो. भिंतीवर प्रत लावावी, मूळ फोटो कोरड्या जागी पेटीत ठेवावा.

प्रतिसाद ३:
नावे लिहून ओळख राहते, सहवास राहत नाही. आजोबांच्या शेवटच्या दिवाळीत मी त्यांचे चाळीसेक फोटो काढले आणि त्या दिवशी ते माझ्याशी काय बोलले, ते मला आठवत नाही. माझ्याकडे आजीच्या नऊवारीची गोधडी आहे. ती अंगावर घेतली की मला फोटोची गरज भासत नाही.

धागाकर्ती:
प्रतिसाद १ मधला प्रश्न मनाला लागला. आजी मला नेहमी म्हणे, “केस विंचरून दे, मग काढ.” शेवटच्या महिन्यात तिला ते म्हणता आले नाही आणि मीही विचारले नाही. तो फोटो मी भिंतीवर लावणार नाही; मागे आजी, मुलगी आणि मी अशी तिघींची नावे लिहून मुलीसाठी पेटीत ठेवीन. मात्र फोटोमुळे सहवास हरवतो, हे मला मान्य नाही. तिच्या लग्नाचा फोटो हातात दिला, तेव्हाच ती तिच्या चुलत सासूबद्दल तासभर बोलली. एरवी तो विषय घरात कधी निघाला नव्हता.

बैठकीच्या खोलीत आता सुपाचा फोटो लावला आहे. मुलीने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “पणजी खडे कुठे ठेवायची?” मी तिला फोटोतली जागा दाखवली: सुपाच्या काठाशी, डाव्या अंगठ्याखाली.