फिल्टर लावून लावून आपण नक्की काय गाळतोय?

कर्वेरोडकर: काल ताईसाठी साइटवर स्थळं बघत बसलो होतो. आईने फिल्टर लावले, उंची पाच आठच्या वर, पगार २० लाखांच्या वर, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पोटजात हीच... उरली चार. त्यातले दोन फोटो इतके गुळगुळीत की मुलगा आहे का मेणाचा पुतळा तेच कळेना. आपण सगळंच असं करायला लागलोय, पाणी आरओचं, बातम्या आपल्याच मताच्या, तोंडं घासूनपुसून. लग्नात बाबांना पगार ८०० रुपये होता, आज आईच्याच फिल्टरमध्ये पहिल्या फटक्यात उडाले असते. माझं मत, फिल्टर म्हणजे नुसता आळस. बोला आता.

सूपवाली: नवीन काय त्यात? पूर्वी आत्या असायची. "त्या घरात देऊ नका" एवढं बोलली की संपलं स्थळ. साइटवर निदान काय गाळलं ते दिसतं तरी. आणि जिला लग्नानंतर नोकरी सोडायची नाहीये तिने काय पन्नास वेळा कांदेपोहे करत बसायचं का?

कर्वेरोडकर: आत्याशी भांडता यायचं हो. साइटशी कुठे भांडू?

सूपवाली: साइटशी कशाला, आईशी भांडा. बटणं तिने दाबलीत.

धायरीकर: पाण्याला मध्ये आणू नका राव. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणारा आजार) पेशंट निघाले, संशय पाण्यावर, तेव्हा घरोघरी पातेली चढलेली होती. तुम्ही प्या नळाचं, तत्त्व म्हणून.

वस्त्रगाळ: उकळलंत ते बरोबरच, पण आरओ मुख्यतः क्षार काढायला असतो हो. खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, आमच्याकडे मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११० येतो. २०१९ ला हरित लवादाने सांगितलेलं की ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नकोच. जंतूंना यूव्ही पुरतो. एक लिटर प्यायचं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, आणि उन्हाळ्यात पाणीकपात झाली की आपणच बोंब मारायची.

धायरीकर: मऊ पाणी तुम्हाला पेठेत. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकर, टीडीएस ८०० च्या पुढे. नळ आला की काढतो आरओ, प्रॉमिस.

वस्त्रगाळ: मग तुमचं बरोबर आहे. मी ज्यांनी शेजाऱ्याकडे बघून घेतला त्यांच्याबद्दल बोलतोय.

निगेटिव्ह: फोटोंवरून लगेच नाकं मुरडू नका. आमच्या काकांचा स्टुडिओ होता. लग्नाचा फोटो असला की निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून मुरमं, डाग घालवायचे, आणि तोच फोटो स्थळाकडे जायचा. तुमच्या आजीचा भिंतीवरचा फोटो नीट बघा एकदा. बाकी फिल्टरांवर संक्रांत आलीच होती म्हणा, अक्षरशः, १४ जानेवारी २०२५ ला मेटाने बाहेरच्या लोकांनी बनवलेले इन्स्टाचे फिल्टर बंद केले. कंपनीचे स्वतःचे राहिलेच, ते कोण बंद करतंय.

कर्वेरोडकर: आजीचा फोटो बघून आलो. गालावरचा तीळ नाहीये. 😐

अपडेट: आईशी भांडलो. पगार आणि पोटजातीचा फिल्टर काढला तिने, चिडून. आता चारशेवर स्थळं दिसतायत आणि ताई म्हणते, तूच बस आता निवडत, मी चालले झोपायला.