नस काढली तरी दाढ दुखतेय! मदत हवी आहे

वळीव: रूट कॅनालचं दुसरं सिटिंग झालं. नस काढली की दुखणं थांबेल असं सांगितलं होतं. नस काढली, तरी चावलं की कळ कानापर्यंत जाते. आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा दुसऱ्या बाजूने खातोय. नसच नाही तर दुखतंय काय? काही आत राहिलं असेल का? लवकर सांगा, उद्या रात्रीच्या गाडीने गावाला निघायचंय.

तिरफळ: कुठली दाढ? सिटिंग होऊन किती दिवस झाले? आपोआप ठणकते की दाबल्यावरच दुखते? गाल सुजलाय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

भुईनळा: सरळ काढून टाका. माझ्या वडिलांनी रूट कॅनालवर पैसे घातले, दोन वर्षांत दाढ उभी चिरली आणि शेवटी काढावीच लागली.

नाचणी: कॅप बसवली होती का त्यांनी?

भुईनळा: नाही. दुखायची थांबली म्हणून राहून गेली.

नाचणी: मग दोष रूट कॅनालचा कसा? आधीच किडलेली दाढ, त्यात वरून कोरलेली. तिच्याखाली अख्खी सुपारी आली तर चिरणारच. माझी कॅप बसवून अकरा वर्षं झाली, त्याच दाढेने चिक्की खाते. लोकांना दाढ काढायला लावू नका हो.

करवंद: कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन दाबून धरा. आमच्याकडे आजीपासून हाच उपाय.

तिरफळ: वर सिमेंट बसलंय, तेल मुळापर्यंत जाणार कुठून? हिरडीवर सांडलं तर भाजेल ते वेगळंच.

वळीव: खालची उजवी, अक्कलदाढ सोडून मागून दुसरी. परवा संध्याकाळी सिटिंग झालं. सूज नाही, ताप नाही, चावल्यावरच दुखतं. तीन कॅनाल (मुळातल्या नळ्या) सापडले, आत औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलंय. घरात जुन्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आहेत, त्या सुरू करू का?

पाणकणीस: मी दंतवैद्य आहे. त्या गोळ्या घेऊ नका. सूज नाही, ताप नाही, म्हणजे त्यांचा इथे उपयोग नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. काढली ती दाताच्या आतली नस. तिच्यामुळे थंड-गरम कळायचं. पण दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसवलेला नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या जोरावर तो हाडात टांगलेला असतो. त्या पडद्याच्या नसा वेगळ्या, त्या कुणी काढत नाही. घासात खडा आला की चटकन कळतं ते त्यांच्यामुळेच. कॅनाल साफ करताना मुळाच्या टोकाशी हा पडदा हुळहुळा होतो. दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर, चावल्यावर दुखू शकतं. मात्र ते रोज थोडं उतरत गेलं पाहिजे.

एक सांगा: तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते का? सिमेंट केसभर उंच राहिलं तरी दर वेळी दातावर दात आला की तो पडदा ठेचला जातो. भूल असताना हे कळत नाही.

आणि गालाची किंवा हनुवटीखालची सूज वाढली, तोंड उघडेना, गिळायला त्रास झाला, तर थांबू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

तिरफळ: या दाढेला कधी कधी चौथा कॅनाल असतो. माझा राहून गेला होता. गरम चहा लागला की ठणका सुरू व्हायचा. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही, दुसरीकडे सीबीसीटी स्कॅन, म्हणजे थ्री-डी एक्स-रे, काढल्यावर सापडला.

पाणकणीस: असू शकतो, पण यांना गरम-थंडाने त्रास नाही आणि उपचार अजून चालू आहेत. आधी सोपं ते तपासू द्या.

जास्वंद: झिरकोनियाची कॅप चांगली की धातूची? माझी वरची पटाशी आहे.

नाचणी: पुढच्या दाताला धातूची कशाला? नवीन धागा काढा ना, इथे त्यांना उद्या निघायचंय.

वळीव: हो, तीच आधी टेकते! वाचल्यावर तोंड हळू मिटून पाहिलं. सकाळीच जातो.

वळीव: जाऊन आलो. दातांमध्ये निळा कागद धरून टकटक करायला सांगितलं. बाकी दाढांवर पुसट ठिपके आले आणि सिमेंटच्या एका कोपऱ्यावर गडद निळा डाग. तेवढंच घासलं, पाच मिनिटंही लागली नाहीत. दाढ अजून हुळहुळी आहे, पण तोंड मिटलं की ती कळ येत नाही. पुढचं सिटिंग शुक्रवारी. पाणकणीस, मनापासून आभार. गोळ्यांचं विचारताना एक लिहायचं राहिलं होतं: मला मधुमेह आहे. डॉक्टरांना तेही आजच सांगितलं, आधी कुणी विचारलं नव्हतं.

पाणकणीस: बरं केलंत. शुक्रवारी जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर घ्या आणि जेवून जा.