पुढची गंजलेली सबफ्रेम: घरी बदलावी की नाही?

फत्तेगंजकर:
ऑगस्ट २०२४ च्या वडोदऱ्याच्या पुरात आमची २०११ ची हॅचबॅक दोन दिवस विश्वामित्रीच्या पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं, सीटा उन्हात वाळवल्या, पण खाली वाकून कुणीच पाहिलं नाही. आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. खाली शिरून डाव्या लोअर आर्मच्या (चाक धरणारा खालचा दांडा) मागच्या बुशपाशी (त्याच्या सांध्यातलं रबर) सबफ्रेमला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून भिजलेल्या बिस्किटासारखा गंज आणि पुराचा गाळ तळहातावर सांडला.

सबफ्रेम म्हणजे इंजिनाखालची पत्र्यांची पोकळ पेटी. दोन्ही लोअर आर्म, स्टिअरिंग रॅक, इंजिनाचं खालचं माउंटिंग, सगळं तिच्यावर. पाणी निघायची भोकं गाळाने बुजली की ती आतून सडते आणि बाहेरचा काळा रंग शाबूत दिसतो. गॅरेजवाला म्हणाला, ‘ठिगळ मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ मी नाही म्हटलं. नवी सबफ्रेम मागवली आणि घराच्या पोर्चमध्ये दोन रविवारी बदलली. ज्याला पाना धरता येतो त्याने हे काम स्वतःच करावं. आपल्याला घाई नसते, हा सगळ्यात मोठा फायदा.

मकरपुऱ्याचा फिटर:
दादा, मेहनत केलीत, मान्य. पण सगळ्यांना हा सल्ला देऊ नका. सबफ्रेमचे बोल्ट बॉडीच्या आत वेल्ड केलेल्या नटात बसतात. तो नट गंजून सुटला की बोल्टबरोबर गोल फिरतो, मग पत्रा कापल्याशिवाय गत्यंतर नाही. रविवारी संध्याकाळी पाच वाजता हे झालं तर काय करणार? इंजिन लटकतंय, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), आणि घरात पोरं खेळताहेत. फरशी फुटून घोडी कलंडली तर खाली माणूस असतो.

फत्तेगंजकर:
काका, ही भीती मलाही होती. म्हणून आधी चार दिवस रोज बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारलं. बोल्ट अर्धा फेरा ढिला, पाव फेरा परत आत, असे काढले. घोड्यांखाली जाड लाकडी फळ्या ठेवल्या, काढलेली चाकं दाराखालच्या सिलखाली सरकवली. बोनेटखाली फेंडरच्या आतल्या भक्कम कडांवर आडवा लोखंडी बार टाकून साखळीने इंजिन टांगलं. स्टिअरिंग सरळ ठेवून पट्ट्याने बांधलं, कारण स्टिअरिंगचा दांडा (कॉलम) रॅकपासून सुटल्यावर ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायरची पट्टी) तुटते. जुनी फ्रेम काढण्याआधी बॉडीवर तिच्या कडेने रेघा ओढल्या, म्हणजे नवी त्याच जागी बसेल. गॅरेजमध्ये एवढा वेळ कोण देतो?

वाडीतला टॅक्सीवाला:
नवी सबफ्रेम जुन्या मॉडेलला मिळाली, हे तुमचं नशीब. आमच्यासारख्याने काय करावं? गाडी आठ दिवस उभी राहिली की हप्ता थकतो. मी ठिगळ मारूनच चालवतोय.

फत्तेगंजकर:
भाऊ, हप्त्याची ओढ समजते, तरी हे पटत नाही. फ्लोअरच्या पत्र्याला ठिगळ चालेल. लोअर आर्म जिथे अडकतो तिथे चालणार नाही. सडलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, आणि ती जागा सुटली की चाक मागे सरकतं. तुमच्या गाडीत सवारी असते. भंगारातली फ्रेम घ्या, पण हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजली तरच घ्या. गाळाचा भद्द आवाज आला तर तीही पुरातलीच.

मकरपुऱ्याचा फिटर:
ठिगळाबद्दल शंभर टक्के बरोबर. घरी करण्याबद्दल माझं मत तेच. एकच विचारतो. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे कधी आवळलेत? गाडी चाकांवर उतरवून, की हवेत असतानाच?

फत्तेगंजकर:
हवेतच आवळले, काका.

मकरपुऱ्याचा फिटर:
मग रबर पीळ खाऊन बसलंय. आर्म लटकत्या जागी घट्ट झाला आणि आता गाडीचं वजन त्याला सतत वर मुरडतंय. काही महिन्यांत बुश फाटेल. बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर येऊ द्या, पुढून दोन-तीनदा दाबा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळा. चाकांची अलाइनमेंट त्यानंतर पुन्हा.

फत्तेगंजकर:
उद्या सकाळीच करतो. चाकं जमिनीवर असताना खाली हात पुरत नाही, म्हणून चारही चाकांखाली घालायला लाकडी ठोकळे आणायला आत्ताच निघालोय.